छोट्या रिव्हॉल्व्हरचा दणका: सरावाची काडतुसं निवडताना पेटीवरचे दोन आकडे कसे वाचायचे

ह्यूस्टनजवळ राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने रिव्हॉल्व्हर घेतलं. दुकानातल्या माणसाने सांगितलं, "हात लहान आहे ना, मग हे घ्या. हलकं आहे, पर्समध्ये बसतं." रिकामं असताना वजन ४२५ ग्रॅम, पाच गोळ्यांचं, .३८ स्पेशलचं. सोबत त्याने 'प्लस पी' छापलेली काडतुसांची पेटीही दिली. ताई रेंजवर गेली आणि तिने पाच गोळ्या झाडल्या. सात यार्डांवर, म्हणजे साडेसहा मीटरपेक्षाही कमी अंतरावर टार्गेट होतं. त्यातली एकच गोळी कागदाला लागली. तळहाताला अंगठ्याच्या मुळाशी लाल वळ उठला. त्यानंतर सात महिने ते रिव्हॉल्व्हर कपाटातल्या लॉकबॉक्समध्ये पडून होतं.

मग तिचा मला मेसेज आला: "अरे, तू इंजिनिअर ना? ह्याचा दणका कमी करता येतो का? नाहीतर विकून टाकते."

विकून टाकणं हाही चांगला पर्याय होता, आणि मी तसं तिला म्हणालोही. घरात बंदूक आहे, पण मालकीण तिला घाबरते आणि नेम लागत नाही, ही सगळ्यात वाईट अवस्था. एक तर ती चालवता यायला हवी, नाहीतर ती घरात नसावी. ताईला ती ठेवायचीच होती. म्हणून आम्ही फोनवरचा कॅल्क्युलेटर काढून बसलो.

आधी पेटी वाचायला शिकू

काडतुसांच्या पेटीवर बरंच काही छापलेलं असतं, पण दणक्याच्या दृष्टीने दोनच आकडे कामाचे. एक असतो ग्रेनमध्ये, उदाहरणार्थ १५८. दुसरा फूट प्रति सेकंदात, उदाहरणार्थ ७५५.

ग्रेन म्हणजे आत किती दारू भरली आहे, असा खूप जणांचा समज असतो. मलाही आधी तसंच वाटायचं. पण पेटीवरचे ग्रेन हे गोळीचं, म्हणजे नळीतून बाहेर जाणाऱ्या शिशाच्या तुकड्याचं वजन असतं. एका पाउंडात ७००० ग्रेन बसतात. आपल्या हिशोबासाठी ग्रेनला १५.४ ने भागलं की ग्रॅम मिळतात. दुसरा आकडा म्हणजे नळीच्या तोंडाशी गोळीचा वेग. त्याला ३.२८ ने भागा, मीटर प्रति सेकंद मिळेल.

आता अकरावीचं फिजिक्स आठवा. गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते आणि दोघांचा संवेग सारखा असतो. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. गोळीचा संवेग काढायचा, त्याला बंदुकीच्या वजनाने भागायचं, की बंदूक किती वेगाने तुमच्या हातात येणार ते कळतं. त्यावरून ऊर्जा: अर्धं गुणिले बंदुकीचं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग.

ताईच्या ४२५ ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरसाठी करून बघू. ताईच्या पेटीवर १२५ ग्रेन, ९४५ फूट असं होतं. म्हणजे ८.१ ग्रॅमची गोळी, वेग २८८ मीटर प्रति सेकंद. संवेग २.३३. रिव्हॉल्व्हर मागे येणार साधारण ५.५ मीटर प्रति सेकंद वेगाने, ऊर्जा ६.४ ज्यूल.

आता साधं, जुन्या पद्धतीचं १५८ ग्रेनचं गोल टोकाचं काडतूस घ्या, ७५५ फुटांचं. गोळी जड, पण वेग कमी. संवेग २.३५, ऊर्जा ६.५ ज्यूल. म्हणजे जवळजवळ तेवढीच! इथे ताई म्हणाली, "मग प्लस पीला उगाच घाबरायचं का?" प्लस पी हे लेबल काडतुसाच्या आतला दाब नेहमीपेक्षा जास्त आहे एवढंच सांगतं. दणका किती बसेल ते वजन आणि वेग मिळून ठरवतात. मात्र मी इथे फक्त गोळीचा हिशोब धरलाय. जळलेल्या दारूचा वायूही नळीतून प्रचंड वेगाने बाहेर पडतो आणि त्याचाही धक्का असतो. प्लस पीमध्ये दारू जास्त, त्यामुळे प्रत्यक्षात ते थोडं पुढेच जातं. शिवाय आवाज आणि ज्वाळ दोन्ही जास्त. लेबल बघून साधं काडतूस घेतलं म्हणजे दणका गेला, असं मात्र होत नाही.

तिसरा आकडा घ्या: १४८ ग्रेन, ६९० फूट. ९.६ ग्रॅम, २१० मीटर प्रति सेकंद, संवेग २.०. रिव्हॉल्व्हर ४.७ मीटर प्रति सेकंदाने मागे येतं आणि ऊर्जा ४.८ ज्यूल, म्हणजे किलोभर साखरेची पिशवी अर्ध्या मीटरवरून हातात पडावी तेवढी. ताईच्या पेटीपेक्षा पाव हिस्सा कमी, आणि वायूचा हिशोब धरला तर फरक आणखी वाढतो.

हे तिसरं काडतूस म्हणजे वॅडकटर.

वॅडकटर दिसतं विचित्र

पहिल्यांदा बघितलं तर काडतूस अर्धवट राहिलंय असं वाटतं. गोळीला टोकच नसतं. शिशाचा सपाट दंडगोल, बहुतेक वेळा पितळी पुंगळीच्या काठाला समतल बसवलेला. हे टार्गेट नेमबाजीसाठी बनवलेलं काडतूस आहे. सपाट तोंडामुळे कागदाला पंचिंग मशीनने पाडल्यासारखं स्वच्छ गोल भोक पडतं आणि गुण मोजायला भांडण होत नाही. कागदाला भोक पाडायला वेग लागत नाही, म्हणून ते हळू.

हे .३८ स्पेशलमध्येच एवढं छान का जमतं, यामागे गंमत आहे. हे काडतूस १८९८ च्या सुमाराचं, काळ्या दारूच्या जमान्यातलं. काळी दारू जागा खूप खायची, म्हणून पुंगळी लांब ठेवली. नंतर बिनधुराची दारू आली, ती थोडीशीच पुरते, पण पुंगळी तेवढीच लांब राहिली. त्यामुळे गोळी पूर्ण आत ढकलून बसवायला जागा आहे. सॉफ्टवेअरवाल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल: जुन्या सिस्टिमसाठी राखलेली जागा पुढे भलत्याच कामाला येते. पुढे १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आलं तेव्हा त्याची पुंगळी मुद्दाम साधारण आठवा हिस्सा इंचाने आणखी लांब केली, ते .३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये चुकूनही बसू नये म्हणून. उलटं मात्र चालतं. .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल आरामात चालतं आणि सरावाला तेच वापरावं.

मॅग्नमचा आकडा एकदा बघून ठेवा: १५८ ग्रेन, १२४० फूट. संवेग ३.९. बाजारात .३५७ ची अशी रिव्हॉल्व्हर आहेत जी जेमतेम ३४० ग्रॅमची आहेत. त्यात ही ऊर्जा २२ ज्यूलवर जाते, तीच साखरेची पिशवी सव्वादोन मीटरवरून. पेटीवरचा वेग लांब नळीतून मोजलेला असतो, दोन इंची नळीत तो घटतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी. तरीही सरावाला हे कोण आणि का घेतं, मला कळत नाही.

वजन हा आकडा पेटीवर नसतो

वरच्या हिशोबात संवेग वर्गात येतो आणि बंदुकीचं वजन भागाकारात. म्हणजे तेच वॅडकटर ६२० ग्रॅमच्या पोलादी रिव्हॉल्व्हरमधून झाडलं तर ऊर्जा ४.८ वरून ३.३ ज्यूलवर येते. आकार तोच, पाच गोळ्या त्याच, फक्त सांगाडा अल्युमिनियमऐवजी पोलादाचा. "हलकं म्हणून सोपं" हे खिशासाठी खरं, हातासाठी अगदी उलटं. दुकानात ताईला हे कोणी सांगितलं नाही.

दुसरी अडचण ट्रिगरची. अशा रिव्हॉल्व्हरमध्ये ट्रिगर ओढतानाच घोडा मागे जातो आणि सिलिंडर फिरतो, म्हणून तो जड असतो, साधारण साडेपाच किलो जोर लागतो. बंदूक अर्ध्या किलोहून हलकी आणि बोटाचा जोर तिच्या वजनाच्या दहापट! नेम हलणारच. दणक्याची भीती यावर जाऊन बसली की मग काही खरं नाही.

मूठही बदलून बघा. बारकी लाकडी मूठ असेल तर मागची धातूची पट्टी थेट तळव्यात रुतते. ती पट्टी झाकणारी रबरी मूठ लावली की ज्यूल तेवढेच राहतात, पण ते जास्त जागेवर आणि थोड्या जास्त वेळात पसरतात. ताईचा वळ यानेच गेला, काडतुसाने नव्हे.

नेम चुकतो तो गोळी सुटण्याआधी

दणका लागल्यावर हात हलतो, म्हणून गोळी चुकते असं वाटतं. पण दोन इंची नळीतून गोळी बाहेर पडायला एक मिलिसेकंदही लागत नाही. तेवढ्यात रिव्हॉल्व्हर किती मागे सरकतं? वजनांच्या प्रमाणात: ९.६ ग्रॅमची गोळी साधारण ४.८ सेंटिमीटर पुढे गेली की ४२५ ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर जेमतेम १ मिलिमीटर मागे. गोळी गेल्यावरच खरा झटका तुम्हाला जाणवतो. मग टार्गेटच्या खाली गोळ्या का जातात? कारण मेंदूला झटका येणार हे आधीच माहीत असतं आणि बोट शेवटचा जोर लावताना मनगट नकळत खाली दाबतं. नेमबाज याला फ्लिंच म्हणतात.

हे बघायला तुमचा फोन पुरतो. रेंजची परवानगी घ्या आणि दुसऱ्या कोणाला तरी मागच्या बाजूने, फायरिंग लाइनच्या पलीकडे न जाता, स्लो मोशनमध्ये शूट करायला सांगा. २४० फ्रेम प्रति सेकंदाला एक फ्रेम ४ मिलिसेकंदांची असते. गोळी नळीतून जाणं त्यात दिसणार नाही, त्याची गरजही नाही. ज्वाळ दिसते ती फ्रेम शोधा आणि तिच्या आधीच्या दहा-बारा फ्रेम मागे जाऊन बघा. नळीचं तोंड ज्वाळेच्या आधीच खाली झुकत असेल तर ते तुम्ही केलंय, काडतुसाने नव्हे. ताईने स्वतःचा व्हिडिओ बघून पाच मिनिटं माझ्याशी बोलणं बंद केलं.

जुना, बिनखर्चाचा उपायही आहे. सोबतच्या माणसाने सिलिंडरमध्ये खऱ्या काडतुसांमध्ये एक-दोन डमी काडतुसं मिसळायची, तुम्हाला न दाखवता. डमीवर घोडा पडला, "टक" झालं आणि तरीही नळीने खाली डुबकी मारली, की चोरी पकडली जाते.

भीतीचा अर्धा भाग आवाजाचा असतो. छोट्या नळीचा बार १४० डेसिबलच्या वर जातो. कानात प्लग आणि वरून मफ, दोन्ही लावा. काहींचा फ्लिंच एवढ्यानेच निम्मा होतो. चष्मा तर हवाच.

कमी दणक्याचे स्वतःचे तोटे

इथे जरा सावकाश वाचा, कारण कमी जोराचं काडतूस म्हणजे निर्धोक काडतूस असं नाही.

पहिली गोष्ट, बार. एखादा बार "फुस्स" वाटला, हातात नेहमीपेक्षा कमी झटका आला, तर लगेच थांबा. दारू कमी पडून गोळी नळीतच अडकलेली असू शकते. पुढचा बार केला तर नळी फुगू किंवा फुटू शकते. थांबायचं, नळी सुरक्षित दिशेला धरूनच ठेवायची आणि रेंजवरच्या अधिकाऱ्याला बोलवायचं. मुळात हळू काडतूस वापरणाऱ्याला हा फरक ओळखता यायला हवा, म्हणून पहिल्या दिवशी घाईने गोळ्या झाडू नका.

दुसरी, गोळी लागते कुठे. नळी किंचित वर उचलली जात असतानाच गोळी बाहेर पडते. हळू आणि जड गोळी नळीत जास्त वेळ असते, म्हणून वर लागते. हलकी आणि वेगवान गोळी खाली. छोट्या रिव्हॉल्व्हरची माशी फिक्स असते आणि ती बहुधा १५८ ग्रेनच्या आसपासच्या गोळीला जुळवलेली असते. वॅडकटर १४८ ग्रेनचं असल्याने फार लांब जात नाही. दणका कमी करायला ९० ते ११० ग्रेनच्या हलक्या गोळ्याही मिळतात. ११० ग्रेन, ९८० फूट घेतलं तर संवेग २.१ येतो, जवळपास वॅडकटरएवढाच. पण ती खाली लागेल आणि बार जास्त कडक वाटेल. नवशिक्याला मग कळतच नाही की आपण चुकतोय की गोळी. म्हणून माझं मत वॅडकटरच्या बाजूने, महाग पडलं तरी. साधं १५८ ग्रेनचं गोल टोकाचं बऱ्याचदा स्वस्त मिळतं. हात बसला की तिकडे वळता येतं.

तिसरी गोष्ट फक्त अतिहलक्या रिव्हॉल्व्हरची. बार होतो तेव्हा सिलिंडरमधली उरलेली काडतुसंही रिव्हॉल्व्हरबरोबर मागे खेचली जातात, पण त्यांतल्या गोळ्या जडत्वामुळे जागेवर राहू बघतात. पुंगळीने घट्ट धरलेली नसेल तर गोळी हळूहळू पुढे सरकून सिलिंडरबाहेर डोकावते आणि सिलिंडर फिरायचाच थांबतो. वॅडकटरच्या जोराला हे क्वचितच होतं, जोरदार काडतुसात जास्त. तरी एक चाचणी करा: चार गोळ्या झाडा, पाचवी न झाडता बाहेर काढा आणि तिची लांबी नव्या काडतुसाशी लावून बघा. आणि रिव्हॉल्व्हरचं मॅन्युअल वाचा; काही मॉडेल्सना ठरावीक वजनाच्या किंवा उघड्या शिशाच्या गोळ्या चालत नाहीत, ते तिथे लिहिलेलं असतं.

उघडं शिसं म्हटल्यावर हेही: बंदिस्त रेंजवरून आल्यावर साबण आणि थंड पाण्याने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका, आणि घरी लहान मूल असेल तर कपडे बदलूनच त्याला उचला.

आणि पिस्तुलावर शिकलेल्यांसाठी: अंगठा किंवा बोट सिलिंडरच्या पुढे नेऊ नका. सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीतून तापलेला वायू बाजूला फुटतो.

.२२ आणि .३२

ज्यांना वॅडकटरही जड वाटतं त्यांच्यासाठी .२२ चं त्याच आकाराचं रिव्हॉल्व्हर हा सगळ्यात सोपा रस्ता आहे. ४० ग्रेनची गोळी, ऊर्जा एका ज्यूलच्याही खाली. मूठ तीच, माशी तीच, ट्रिगर बऱ्याचदा आणखी जड, त्यामुळे बोटाला व्यायामच. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, ते .२२ वरच. त्या प्रकारात पिस्तूल १४०० ग्रॅमपर्यंत चालतं. एवढ्या वजनाला एवढीशी गोळी, म्हणून झटका नावापुरता.

मधला रस्ता .३२ चा. ९८ ग्रेन, ७०५ फूट. भारतात परवान्यावर मिळणारं कानपूरचं रिव्हॉल्व्हर याच .३२ चं आहे, कारण .३८ सामान्य परवान्यात बसत नाही. २०१४ मध्ये आलेलं 'निर्भीक' साधारण ५०० ग्रॅमचं. हिशोब करून बघा: संवेग १.३७, ऊर्जा १.९ ज्यूल. ताईच्या वॅडकटरच्या निम्म्याहून कमी.

अमेरिकेत असलेल्या मराठी मुलामुलींसाठी

"वीकेंडला रेंजवर जाऊ, पासपोर्ट दाखवला की भाड्याने बंदूक मिळते." हे मी इतक्या वेळा ऐकलंय की हा भाग इथे लिहायलाच हवा. अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाने, म्हणजे एच-वन-बी, एफ-वन सगळे आले, बंदूक किंवा काडतुसं ताब्यात ठेवणं गुन्हा आहे. रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूक हातात असणं हाही ताबाच. याला मोजके अपवाद आहेत. सगळ्यात वापरातला म्हणजे एखाद्या राज्याचं वैध हंटिंग लायसन्स. मी एच-वन-बीवर आहे आणि ताईसोबत रेंजवर जाण्याआधी टेक्सासचं हंटिंग लायसन्स काढलं. ससाही मारायचा नाहीये मला. पण काउंटरवरच्या माणसाने विचारलं नाही म्हणून कायदा बदलत नाही, आणि व्हिसा तुमचा जातो, त्याचा नाही. ग्रीन कार्ड असेल तर ही अट लागू नाही.

आणि आठवण म्हणून काडतूस बॅगेत टाकून भारतात आणू नका. परवान्याशिवाय एक जिवंत काडतूसही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं, आणि विमानतळाच्या स्कॅनरवर ते लगेच दिसतं. रेंजवर नेलेली बॅग परत येताना वापरणार असाल तर तिचा प्रत्येक कप्पा उलटा करा. रिकामी पुंगळीसुद्धा तिथेच राहू द्या.

ताई आता महिन्यातून दोनदा जाते. आधी घरी डमी काडतुसांवर दहा मिनिटं, खोलीत खरं काडतूस एकही नाही याची दोनदा खात्री करून. रेंजवर तीस वॅडकटर, जास्त नाहीत, कारण त्यानंतर हात थकतो आणि वाईट सवय परत येते. शेवटी प्लस पीच्या फक्त पाच, त्या कुठे लागतात हे बघायला. गेल्या खेपेला तिने मला टार्गेटचा फोटो पाठवला. तीस भोकं, त्यातली सव्वीस एका ताटलीत मावतील अशी. खाली लिहिलं होतं, "चार तुझ्या व्हिडिओवाल्याने हसवलं म्हणून."